पाणी नसलेली बातमी

आमच्या संपादकांना सगळी रत्नागिरी संपादकच म्हणायची. त्यांची बायकोसुद्धा. छापखाना पुढे आणि बिऱ्हाड मागे, त्यामुळे दुपारी मधल्या दारातून काकूंची हाक यायची, "संपादक, पानं वाढलीत!" आणि संपादक हातातलं प्रूफ तसंच घेऊन जेवायला जायचे. भाताचं शीत चिकटलेली प्रुफं मी कितीतरी वेळा खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरकडे दिली असतील.

मी कोल्हापूरची. लग्न होऊन रत्नागिरीला आले तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. हे कॉलेजात शिकवायचे. घरी बसून मला कंटाळा यायला लागला, आणि कोणीतरी सांगितलं, एका साप्ताहिकात माणूस हवंय. मी गेले. संपादक उंच टेबलाशी उभे होते. खुर्ची होती, पण तिच्यावर जुन्या अंकांचा गठ्ठा बसलेला. ते कायम उभ्यानेच काम करायचे. बसलं की भाषा सैल पडते, असं त्यांचं म्हणणं.

"येताना रस्त्यात काय बघितलंत? चार ओळी लिहा."

मी लिहिलं: एसटी स्टँडसमोर एका हमालाला मारहाण झाली. बघ्यांची गर्दी जमली.

त्यांनी वाचलं. "कोणी केली?"

"काय?"

"मारहाण. ती काय पाऊस आहे, आपोआप व्हायला?"

"मला माहीत नाही. मी आले तेव्हा संपलं होतं."

"मग विचारून या."

मला वाटलं, ही मला घालवून देण्याची रीत असावी. रागारागाने मी स्टँडवर परत गेले. हमाल नळावर तोंड धूत होता. त्याला विचारलं, शेजारच्या पानवाल्याला विचारलं, आणि ज्या दुकानदाराने मारलं होतं त्यालाही जाऊन विचारलं. तो आधी मलाच ओरडला, मग म्हणाला, हो मारलं, माझी काचेची पेटी फोडली त्याने. हे सगळं मी संपादकांना सांगितलं. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक आमसूल काढून तोंडात टाकलं आणि म्हणाले, "उद्यापासून या."

त्या आमसुलांमुळे त्यांच्या खिशाला कायम एक लालसर डाग असे. नव्या माणसाला वाटायचं, शाई गळतेय. काकूंनी तो धुवायचा नाद कधीच सोडून दिला होता.

'झालं' या शब्दाशी त्यांचं वैर होतं. लाठीमार झाला, घर पाडण्यात आलं, वाद उफाळला, अशी वाक्यं दिसली की ते प्रुफावर झुकायचे आणि लाल पेन्सिलीने समासात एकच शब्द लिहायचे, 'कोणी?' हे खूळ त्यांनी घरातही नेलं होतं. एकदा काकू म्हणाल्या, "भाजी करपली हो आज."

"करपली, की करपवली?"

"करपवली. तुम्ही. तिकडून तीन हाका मारून मला शब्दकोश शोधायला लावलात म्हणून." संपादकांनी ती भाजी मुकाट्याने खाल्ली.

शनिवारी अंक निघाला की ते एक अंक घेऊन एसटी स्टँडवर जाऊन बसायचे. दापोली, चिपळूण, राजापूर, सगळीकडची माणसं तिथे. ते शेजारच्याला म्हणायचे, "चष्मा विसरलोय, जरा वाचून दाखवता?" चष्मा खिशातच असायचा. माणूस वाचायला लागला की आजूबाजूचे चार जण कान द्यायचे, मग बोलायचे. संपादक नुसते ऐकायचे. आपण कोण हे कधी सांगायचे नाहीत. परत आले की मला म्हणायचे, "आपण लिहितो एक आणि माणूस वाचतो भलतंच. ते भलतं काय, ते कळलं पाहिजे."

अशाच एका शनिवारी ते स्टँडवरून आले ते लाल होऊन. शिमगा नुकताच उलटला होता, ऊन मी म्हणत होतं. मला वाटलं उन्हाने. त्यांनी मुंबईचं एक दैनिक माझ्यापुढे टाकलं. आतल्या पानावर तळाला बातमी होती. तासाभरावरच्या एका गावातली. त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. 'विहिरीवरून तणाव. दोन गटांत बाचाबाची. पोलीस बंदोबस्त तैनात. परिस्थिती नियंत्रणाखाली.'

"स्टँडवर हे सगळे वाचत होते," संपादक म्हणाले. "सगळ्यांचं एकच. या लोकांना भांडण उकरून काढायची सवयच आहे. या लोकांना म्हणजे कोणाला, हे बातमीत कुठेही नाही. तरी सगळ्यांना बरोबर कळलं. आणि गंमत बघा, बातमी विहिरीची, पण तिच्यात पाणी हा शब्दच नाही."

सोमवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघं त्या गावात गेलो.

विहीर रस्त्याला लागूनच होती. सरकारने बांधलेली, कठड्यावर पाटी, सर्वांसाठी खुली. पाटीच्या खाली, थोड्या अंतरावर, जांभ्याच्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, सावलीत बौद्धवाडीच्या बायका बसल्या होत्या. प्रत्येकीपुढे रिकामा हंडा. घोषणा नाहीत, फलक नाही. त्यांचा वाडीखालचा झरा आटला होता. दरवर्षी आटायचा. दरवर्षी त्या गावातल्या कोणी ओतून दिलेलं पाणी लांबून घ्यायच्या. यंदा त्यांनी ठरवलं होतं, ओतून घेणार नाही, आपल्या हाताने काढू. पहिल्या दिवशी गावाने अडवलं. तेव्हापासून त्या रोज सकाळी येऊन बसत होत्या.

त्यांची पुढारी म्हणायची तर सुभद्राबाई. नवरा मुंबईला गिरणीत होता तो वारला, तशी ती गावी परतलेली. शिडशिडीत, आवाज मात्र खणखणीत. संपादक तिच्यासमोर मातीतच बसले. बसले म्हणून मला आश्चर्य वाटलं.

"घरात पाणी किती आहे आता?" त्यांनी विचारलं.

"तुमी पहिलेच," सुभद्राबाई म्हणाली.

"कसले पहिले?"

"पानी इचारनारे. बाकीचे येतात ते इचारतात, मारामारी होनार का?"

मग ती आम्हाला झऱ्यावर घेऊन गेली. वाळू उकरून केलेला खड्डा होता. तळाला गढूळ पाणी. ते नारळाच्या करवंटीने खरवडून कळशीत घ्यायचं, मग थांबायचं, पुन्हा पाझरलं की पुन्हा खरवडायचं. तिची सून गरोदर होती, ती तिथे उकिडवी बसून तेच करत होती. संपादकांनी तिच्या हातातली करवंटी मागून घेतली आणि कळशी भरेपर्यंत आपण खरवडत बसले. बराच वेळ गेला. मी दोनदा म्हटलं, गाडी जाईल. ते म्हणाले, जाऊ दे.

गावातही गेलो. देवळासमोर पाच-सहा जाणती माणसं जमली. त्यात गावकार, म्हणजे देवळाचा पहिला मान ज्यांच्याकडे, ते म्हातारे होते. त्यांनी अदबीने बसायला दिलं, आणि विचारलं, "तुमी कोणापैकी?"

आमच्याकडे हा प्रश्न जात विचारायचा असतो.

"छापखान्यापैकी," संपादक म्हणाले.

म्हातारे हसले. संपादकांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली. तुम्ही अडवता का? पहिला म्हणाला, "मी नाय बा. गाव अडवतो." दुसराही तेच. तिसराही. गावकार म्हणाले, "माझी काय हरकत? पन गावाची रीत हाय."

"मग असं छापू? यांनी अडवलं नाही, त्यांनी अडवलं नाही, गावकारांची हरकत नाही. कोणीच अडवत नाही तर उद्यापासून बायका पाणी भरतील."

कोणीतरी मागून उठलं आणि तरातरा विहिरीकडे गेलं. आम्ही पोचेपर्यंत सुभद्राबाईचा हंडा घरंगळत रस्त्यात आला होता. त्याला लाथ मारणारा गावकारांचा धाकटा मुलगा होता. म्हातारे धापा टाकत आले आणि म्हणाले, "हंडा पडला वाटतं."

संपादकांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. म्हाताऱ्यांनी मान खाली घातली. त्या क्षणी मला त्यांची दया आली, आणि संपादकांनाही आली असावी, कारण त्यांनी पुढे काही विचारलं नाही. पण शनिवारी छापलं. हंड्याला कोणी लाथ मारली ते नावासकट, आणि त्याच्याही आधी, पहिल्या पानाच्या वरच्या बाजूला, एक कळशी भरायला बाई झऱ्यावर काय काय करते ते. गढूळ पाणी, करवंटी, सून, सगळं. मथळा होता, 'पाणी'.

अंक परत यायला लागले. एका बड्या दुकानाने दर आठवड्याची जाहिरात बंद केली. ह्यांच्या कॉलेजात कोणीतरी ह्यांना विचारलं, तुमच्या मिसेसना दुसरी नोकरी नाही का मिळत? पण काहीतरी हललंही होतं. उन्हाळ्यात रत्नागिरीतल्या बायकाही नळाची वाट बघत ताटकळायच्या. मासळी बाजारात एक कोळीण मला म्हणाली, "त्या बायकांना गावलं काय गो पानी?" तिला वाचता येत नव्हतं, नातीने वाचून दाखवलं होतं. मी संपादकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एक आमसूल मलाही दिलं. तो मोठा मान होता.

मग मुंबईहून एका बड्या दैनिकाचा फोटोग्राफर आला. आम्हीच त्याला विहिरीवर नेलं. तो सकाळभर थांबला. बायका बसून होत्या. शेवटी तो वैतागला.

"आज काही होणार आहे का?"

"हे होतंय ना," संपादक म्हणाले.

"बसलेल्या बायकांचे फोटो घेऊन मी काय करू? आमचे साहेब फेकून देतील." आणि तो वेळणेश्वरचा समुद्र बघायला निघून गेला.

हे ऐकायला सुभद्राबाईचा पुतण्या उभा होता. प्रकाश. मुंबईला कारखान्यात कामाला, बायका बसल्यात हे कळून सुट्टी घेऊन आलेला. तो संपादकांसमोर येऊन उभा राहिला.

"ऐकलंत ना? एक एसटी जाळली ना साहेब, की उद्या पहिल्या पानावर येऊ. तुमच्या साप्ताहिकानं काय होणार? चार लोकं वाचतात."

संपादक म्हणाले, "खरं आहे. चारच वाचतात."

"मग?"

"जाळलीस तर मलाही छापावं लागेल. जळली असं नाही लिहिणार. जाळली लिहीन, तुझं नाव घालून. आणि त्यानंतर पाण्याचं कोणी विचारणार नाही, प्रकाश. सगळे एसटीचं विचारतील."

"तुम्हाला सोपं आहे बोलायला. तुमच्या घरी नळ आहे."

परतताना गाडी घाट उतरायला लागली तेव्हा संपादक म्हणाले, "तो म्हणाला त्यात चूक काय होतं?"

एसटी जाळली नाही, पण दगड पडला. नाही, चुकलं, दगड मारला. प्रकाशनेच. सकाळची गाडी विहिरीपाशी वळण घेताना आतून गावातल्या पोरांनी बायकांना ओरडून म्हटलं, "बसा, बसा, मुळं फुटेपर्यंत बसा!" आणि प्रकाशने रस्त्यातला दगड उचलून भिरकावला. पोरांना नाही लागला. पुढची काच फुटली आणि ती लागली एका मास्तरीणबाईंना. त्या रत्नागिरीच्या, पलीकडच्या गावात शाळेवर रोज जायच्या. कपाळाला टाके पडले.

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या सगळ्या दैनिकांत ही बातमी होती. फुटलेल्या काचेचा फोटोसुद्धा. प्रकाशला पोलिसांनी नेलं. स्टँडवर, बाजारात, कॉलेजात, सगळीकडे एकच सूर, बघा, आम्ही सांगत नव्हतो? कोळणीनेही मला पाण्याचं विचारलं नाही.

संपादकांनी छापलं. पोरं काय ओरडली ते छापलं, आणि प्रकाशने दगड मारला हेही छापलं, नाव घालून.

अंक निघाला त्याच दिवशी दुपारी सुभद्राबाई छापखान्यात आली. एकटीच, उन्हातून. मी पाणी पुढे केलं, तिने घेतलं नाही.

"आमच्या पोराचं नाव घातलंत."

"घातलं," संपादक म्हणाले.

"आमी तुमाला आपलं समजत होतो. झऱ्यावर बसून करवंटी धरलीत तुमी."

"हंड्याला लाथ मारणाऱ्याचं नाव घातलं तेव्हा गावकारांचा माणूस असाच येऊन गेला इथे. त्यालाही हेच सांगितलं. मी तुमच्या बाजूने खोटं लिहिलं, सुभद्राबाई, तर मी खरं लिहिलेलं कोण खरं मानेल?"

मधल्या दारात काकू येऊन थांबल्या होत्या. सुभद्राबाई म्हणाली, "लई कडू मानूस हाय तुमी," आणि गेली. संपादक त्या दिवशी जेवायला गेले नाहीत. काकूंनी हाक मारली नाही.

संध्याकाळी ते मला म्हणाले, "ज्यांना लागलं त्यांच्याकडे कोणी गेलं का?" कोणीच गेलं नव्हतं. सगळ्यांनी बाईंच्या कपाळाबद्दल लिहिलं होतं, बाईंना मात्र कोणी विचारलं नव्हतं.

मास्तरीणबाई माळनाक्याच्या बाजूला राहायच्या. प्रतिष्ठित घर. सासरे दारातच म्हणाले, आम्हाला यात पडायचं नाही. पण बाई स्वतः बाहेर आल्या, डोक्याला पट्टी. म्हणाल्या, "मला बोलायचंय."

त्या जे बोलल्या ते आम्ही जसंच्या तसं छापलं, म्हणून अजून आठवतं. त्या म्हणाल्या, "मी रोज त्या गाडीने जाते. रोज त्या बायका खिडकीतून दिसायच्या. मी मान फिरवायचे. मला वाटायचं, यांचं काहीतरी भांडण असेल, पेपरात तसंच आलं होतं. काच लागली तेव्हा गाडी थांबली. सगळ्यांच्या आधी धावत आली ती यांतलीच एक बाई. तिने पदर फाडून माझ्या कपाळाला बांधला. मला चक्कर येत होती, मी पाणी मागितलं. ती म्हणाली, बाई, पाणी न्हाई वो. समोर विहीर होती."

सासरे आत निघून गेले. मग त्या म्हणाल्या, "दगड मारला ते चूकच. माझी तक्रार नाही, पण चूक आहे, हेही लिहा."

आम्ही तेही लिहिलं.

त्या अंकाची प्रत स्टँडवर मिळेनाशी झाली. संपादकांना चष्मा विसरायची गरज पडली नाही, लोकच मोठ्याने वाचत होते. माझा अंदाज असा, की दगडाचं खरं छापलं म्हणून लोकांनी बाईंचंही खरं मानलं. पण तो माझा अंदाज. संपादक म्हणाले, "तसं काही नाही. माणूस आपल्यासारख्याचंच ऐकतो. बाई त्यांच्यातल्या होत्या. सुभद्राबाई हेच महिनाभर सांगत होती." हे बोलताना त्यांच्या आवाजात आनंद नव्हता.

मास्तरीणबाई टाके निघायच्या आतच एका सकाळी विहिरीपाशी उतरल्या आणि सुभद्राबाईच्या शेजारी गडग्याला टेकून बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दोन मैत्रिणी. मग महिला मंडळातल्या काही जणी. काकूही गेल्या, संपादकांना न सांगता. पांढऱ्या पट्टीच्या बाई आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून सुभद्राबाई, असा एक फोटो मीच घरच्या कॅमेऱ्याने काढला. फोटो छापायचा तर त्याचा ब्लॉक, म्हणजे धातूचा ठसा, कोल्हापूरहून करून आणावा लागे. माझ्या भावाने तो करून एसटीने पाठवला. नंतर तोच फोटो मुंबईच्या त्या बड्या दैनिकाने मागून घेतला.

मग सगळं भराभर झालं. मंत्रालयातून विचारणा आली, तहसीलदार आले, पोलीस आले, आणि वैशाखातल्या एका दुपारी सुभद्राबाईने त्या विहिरीत पोहरा सोडला. तोच फोटोग्राफर पुन्हा आला होता. त्याचा क्षण चुकला, म्हणून तो म्हणाला, "बाई, परत एकदा ओता ना." सुभद्राबाईने ऐकलं न ऐकलंसं केलं आणि हंडा सुनेच्या डोक्यावर दिला. जामिनावर सुटलेला प्रकाश लांब उभा होता. संपादक त्याच्याजवळ गेले. दोघं काय बोलले मला माहीत नाही.

गावातलं मात्र कोणी आलं नव्हतं. ही विहीर आता आपल्याला नको, असं देवळात ठरलं होतं. गावच्या बायकांनी लांबच्या नदीवरून पाणी आणायचं. तिकडे पायवाट चढाची होती, पण ठरवणाऱ्यांना कुठे हंडे वाहायचे होते?

अधिकारी गेले, जीप गेल्या, फोटोग्राफर गेला. आमची गाडी चुकली म्हणून आम्ही दोघं गडग्याआड सावलीला बसून राहिलो. उन्हं कलली होती. विहिरीवर सुभद्राबाई एकटीच शेवटचा हंडा भरत होती. तेवढ्यात आंब्याच्या बागेतून एक बाई आली, डोक्यावरून पदर पुढे ओढलेला, कमरेला कळशी. गावकारांची थोरली सून. तिने आजूबाजूला बघितलं. आम्ही तिला दिसलो नाही. घाईत तिचा दोर कप्पीत अडकला. तिने ओढून बघितलं, निघेना.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "जरा धरा हो."

सुभद्राबाईने आपला हंडा खाली ठेवला आणि दोर धरला. दोघींनी मिळून पोहरा वर घेतला. सुभद्राबाईनेच तो कळशीत ओतला. ती सून आली तशी बागेत गेली.

मी पर्समधून पेन काढलं होतं. अख्ख्या उन्हाळ्यातली सगळ्यांत मोठी बातमी माझ्या डोळ्यांसमोर घडली होती. संपादकांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"नको."

"पण संपादक, हे तर—"

"शनिवारी छापलं तर रविवारी तिला घरात कोंडतील. तिला अजून काही दिवस पाणी नेऊ दे. मग दुसरी येईल. तिसरी येईल. त्यांची बातमी त्यांच्या पायांनी होऊ दे."

पाऊस सुरू व्हायच्या आत गावातल्या अर्ध्या बायका त्या विहिरीवर येत होत्या. पुढे देवळातही कोणी तो विषय काढला नाही. आता तिथे घरोघर नळ आलेत, सुभद्राबाई नाही, संपादक नाहीत, साप्ताहिक तर केव्हाच बंद पडलं. ती थोरली सून मात्र मध्यंतरी मला एका लग्नात भेटली. केस पांढरे झालेले. मी तिला सगळं सांगितलं, आम्ही तेव्हा गडग्याआड बसलो होतो हे, आणि विचारलं, आता लिहू का?

ती म्हणाली, "लिहा. नाव नका घालू, म्हातारे सासरे देवाघरी गेले, त्यांना कशाला त्रास. पन लिहा, की मी तिला मावशी म्हटलं."